एकच विहीर, दोन अहवाल: ‘हो-नाही’ चाचणीवर किती भरवसा ठेवायचा?

पावसाळा सुरू झाला की सीमाभागातल्या गावांत एक वाद हमखास ऐकू येतो. विहिरीचं पाणी चाचणीच्या छोट्या बाटलीत भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी बाटली काळी झाली. म्हणजे पाणी दूषित. लगेच दुसरी बाटली भरली, ती मात्र काळी झालीच नाही. झालं, ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, पहिली बाटलीच खराब होती. दुसरा म्हणतो, दुसऱ्या वेळी कुणीतरी नळाचं पाणी भरलं असणार.

दोन्ही तट एक गोष्ट गृहीत धरून भांडतात. पाणी तेच असेल तर उत्तरही तेच यायला हवं, अशी त्यांची समजूत असते. पण ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगणाऱ्या चाचणीत तसं होईलच असं नाही. बाटली चांगली, माणूस प्रामाणिक, पाणी एकाच बादलीतलं, तरीही दोन उत्तरं येऊ शकतात. हा फरक किती वेळा पडेल आणि त्यात दोष कुणाचा, हे मोजायची रीत संख्याशास्त्रात आहे. ती सामान्य माणसालाही कळण्यासारखी आहे, आणि कळायला हवी, कारण ‘नाही’ असा कागद आला की गाव ते पाणी पितं.

सीमाभागात तर हा प्रश्न जास्तच जवळचा. हिरण्यकेशी आंबोलीजवळ उगम पावते, आजरा-गडहिंग्लज करत संकेश्वरकडे येते. म्हादई खानापूर तालुक्यातून निघून गोव्यात मांडवी होते. पाणी सीमा ओलांडतं, पण तपासणी मात्र इकडे एका राज्याची आणि तिकडे दुसऱ्या राज्याची. इकडे पीडीओच्या हातात एक अहवाल, तिकडे ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या हातात दुसरा. दोन्ही कागद जुळतील याचा भरवसा कशावरून धरायचा?

बाटली ग्वाल्हेरची

आधी बाटलीची ओळख करून घेऊ. एच-टू-एस चाचणी म्हणून ती ओळखली जाते. ही पद्धत भारतातच तयार झाली, ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन आणि विकास आस्थापनेत. मांजा, मौर्य आणि राव या तीन संशोधकांनी १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये ती जगापुढे मांडली. महागडं यंत्र नको, शिकलेला तंत्रज्ञ नको, वीज नसली तरी चालेल, अशी ही चाचणी पुढे अनेक देशांत पोहोचली.

बाटलीत औषध शोषलेली कागदाची पट्टी असते. त्यात जंतूंचं खाद्य, लोहाचा एक क्षार आणि थायोसल्फेट असतं. खुणेपर्यंत, मूळ पद्धतीत साधारण २० मिली, पाणी भरायचं आणि उबदार जागी ठेवायचं. विष्ठेबरोबर येणाऱ्या जंतूंपैकी काही जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. तो लोहाशी संयोग पावला की पाणी काळं पडतं. काळं पडलं तर ‘हो’, नाही पडलं तर ‘नाही’. मधलं काही नाही.

जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं. गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासण्याचं प्रशिक्षण द्यायचं, असं त्यात ठरलं. म्हणजे पाण्याची तपासणी आता शाळेच्या व्हरांड्यात आली. चांगली गोष्ट आहे. पण तपासणारे हात वाढले तसा ‘तुमचं आणि आमचं उत्तर का जुळत नाही’ हा प्रश्नही वाढणार.

वजनकाट्याचा नियम इथे का चालत नाही?

बाजारातला वजनकाटा बरोबर आहे की नाही हे बघणं सोपं आहे. एकच नारळ दहा वेळा ठेवा. ४८०, ४८२, ४७९ ग्रॅम असे आकडे आले तर काटा दोन-तीन ग्रॅमने हलतो हे समजतं. मग तोच नारळ शेजारच्या दुकानातल्या काट्यावर ठेवला आणि ५१० आले, तर दोन काट्यांत तीस ग्रॅमचा फरक आहे हेही समजतं.

यातल्या पहिल्या फरकाला रिपीटॅबिलिटी म्हणतात. तोच माणूस, तेच साधन, तीच जागा, थोड्याच वेळात पुन्हा मोजलं तर उत्तर किती हलतं, ते त्यातून कळतं. दुसऱ्याला रिप्रोड्यूसिबिलिटी म्हणतात. माणूस, साधन, जागा बदलली तर किती हलतं, ते यात येतं. दोन्ही मिळून मापनपद्धतीचं सातत्य ठरतं. आयएसओ ५७२५ हे आंतरराष्ट्रीय मानक याच कामासाठी आहे. जगभरच्या लॅब ते वापरतात.

पण बाटली ग्रॅम दाखवत नाही. ‘हो’ला १ आणि ‘नाही’ला ० मानलं तरी अडचण सुटत नाही. दहापैकी पाच बाटल्या काळ्या झाल्या तर चढ-उतार सगळ्यात जास्त दिसतो, आणि दहाच्या दहा काळ्या झाल्या तर शून्य. म्हणजे इथला चढ-उतार पाण्यात जंतू किती आहेत त्यावरच बांधलेला आहे. भरपूर घाण पाण्यात कुठलीही बाटली हुशार दिसते. खरी परीक्षा असते ती काठावरच्या पाण्यात.

काठावरचं पाणी

एक साधा हिशेब करून बघू. समजा विहिरीच्या १०० मिली पाण्यात सरासरी ५ जंतू आहेत. बाटलीत २० मिली मावतं, म्हणजे बाटलीमागे सरासरी एक जंतू. पण जंतू काही शिस्तीत रांग लावून एकेका बाटलीत उतरत नाहीत. बुंदी वाटताना एखाद्याच्या द्रोणात तीन बेदाणे जातात आणि एखाद्याच्या द्रोणात एकही जात नाही, तसंच हे. सरासरी एक असताना बाटलीत एकही जंतू न येण्याची शक्यता ३७ टक्के असते.

म्हणजे चाचणी अगदी निर्दोष आहे, एक जंतू आला तरी बाटली काळी होणारच, असं धरलं तरी १०० पैकी ३७ बाटल्या स्वच्छ दिसणार. आणि एकाच बादलीतून भरलेल्या दोन बाटल्यांचं उत्तर जुळण्याची शक्यता? दोन्ही काळ्या ४० टक्के, दोन्ही स्वच्छ १३ ते १४ टक्के, मिळून जेमतेम ५३ टक्के. जवळजवळ नाणेफेक! कट्ट्यावरचं भांडण इथेच सुरू होतं, आणि यात ना बाटलीचा दोष असतो, ना माणसाचा.

तेच बाटलीमागे सरासरी तीन जंतू असतील तर काळी होण्याची शक्यता ९५ टक्क्यांवर जाते आणि दोन बाटल्या साधारण ९१ टक्के वेळा जुळतात. चाचणी तीच, माणूस तोच, फक्त पाणी जास्त घाण. म्हणून ‘आमची चाचणी ९० टक्के वेळा जुळते’ असं कुणी म्हटलं तर पहिला प्रश्न विचारायचा तो ‘कुठल्या पाण्यावर?’ हा.

जुळणीचे दोन दर

मग ‘हो-नाही’ पद्धतीचं सातत्य मोजायचं कसं? अन्नातले जंतू शोधणाऱ्या चाचण्यांसमोर हाच प्रश्न होता. स्टीव्ह लँग्टन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्यावर एक सोपा मार्ग मांडला. ग्रॅम मोजता येत नसतील तर जोड्या मोजा.

एकाच लॅबमध्ये तपासलेल्या दोन सारख्या नमुन्यांचं उत्तर किती टक्के वेळा जुळतं, त्याला त्यांनी अकॉर्डन्स म्हटलं. आपण त्याला ‘घरातली जुळणी’ म्हणू. एक नमुना या लॅबचा आणि एक त्या लॅबचा घेतला तर उत्तर किती टक्के वेळा जुळतं, ते कॉन्कॉर्डन्स. आपली ‘शेजाऱ्याशी जुळणी’. वजनकाट्याच्या भाषेत पहिली रिपीटॅबिलिटीच्या जागी आहे आणि दुसरी रिप्रोड्यूसिबिलिटीच्या जागी.

हे दोन दर वेगळे का ठेवायचे, ते एका कल्पित उदाहरणावरून लक्षात येईल. पाच लॅब आहेत. एकाच दूषित पाण्याच्या पाच-पाच बाटल्या प्रत्येकीला दिल्या, एकूण २५.

पहिला प्रसंग. चार लॅबमध्ये पाचही बाटल्या काळ्या झाल्या आणि पाचव्या लॅबमध्ये एकही झाली नाही. एकूण २५ पैकी २०, म्हणजे ८० टक्के ‘हो’.

दुसरा प्रसंग. पाच लॅबमध्ये अनुक्रमे ४, ४, ४, ५ आणि ३ बाटल्या काळ्या झाल्या. एकूण पुन्हा २५ पैकी २०, पुन्हा ८० टक्के.

वरवर बघणाऱ्याला दोन्ही प्रसंग सारखेच. आता जोड्या लावून बघा. पहिल्या प्रसंगात प्रत्येक लॅब स्वतःशी शंभर टक्के जुळते, म्हणजे घरातली जुळणी १०० टक्के. पण वेगवेगळ्या लॅबमधल्या २५० जोड्यांपैकी १५० च जुळतात, म्हणजे शेजाऱ्याशी जुळणी ६० टक्के. दुसऱ्या प्रसंगात घरातली जुळणी ६४ टक्के आणि शेजाऱ्याशी २५० पैकी १६८, म्हणजे ६७ टक्के. दोन्ही दर जवळपास सारखे. जो थोडा फरक आहे तो योगायोगाचा.

रोग वेगळा तसं औषधही वेगळं. पहिल्या प्रसंगात पद्धत ठीक आहे, पण एक लॅब बिघडली आहे. तिथल्या बाटल्यांची मुदत संपली असेल, उबेची पेटी गार पडत असेल, किंवा बघणारा माणूस वेळेआधीच बाटली उचलत असेल. त्या लॅबला भेट द्यायची आणि कारण शोधायचं. दुसऱ्या प्रसंगात सगळ्या लॅब सारख्याच आहेत. एकेका बाटलीतच अनिश्चितता आहे, तिथे बाटल्यांची संख्या वाढवायची. नुसता ८० टक्क्यांचा आकडा बघून बसणारा अधिकारी यातलं काहीच करू शकणार नाही.

दोन्ही दरांची तुलना एका आकड्यात करायचीही सोय आहे. घरातल्या जुळणीत ‘जुळलेल्या भागिले न जुळलेल्या’ जोड्या काढायच्या, शेजाऱ्याच्या जुळणीतही तेच काढायचं आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर १ च्या आसपास आलं तर लॅबा-लॅबांत फारसा फरक नाही. १ पेक्षा बरंच मोठं आलं तर कुठल्या तरी लॅबचं इतरांशी पटत नाही. दुसऱ्या प्रसंगात हा आकडा ०.८७ येतो, म्हणजे काळजीचं कारण नाही. पहिल्यात घरात न जुळणारी एकही जोडी नसल्याने तो अनंतावर जातो. इशारा याहून स्पष्ट असू शकत नाही.

पुढे या विषयावर बरंच काम झालं. काही संशोधकांनी आयएसओ ५७२५ चीच चौकट ‘हो-नाही’ला लावली. एका लॅबच्या आतला चढ-उतार आणि लॅबा-लॅबांतला चढ-उतार वेगवेगळा काढायचा आणि मग बेरीज करायची. २०२१ मध्ये आयएसओने ‘टीआर २७८७७’ हा अहवाल खास अशा दोनच उत्तरं देणाऱ्या पद्धतींसाठी काढला. त्यात या रीती एकत्र मांडल्या आहेत.

नुसतं जुळलं म्हणून खुश होऊ नका

यात फसायच्या तीन जागा आहेत.

पहिली, योगायोगाने जुळणं. समजा शंभर विहिरींपैकी ९५ स्वच्छ आहेत. दोन लॅबनी पाणी न बघताच, मनाला येईल तसं, शंभरात पाच वेळा ‘हो’ आणि ९५ वेळा ‘नाही’ लिहिलं. तरी त्यांची उत्तरं ९० टक्के वेळा जुळतील, कारण दोघांचं ‘नाही’ एकमेकांवर पडत राहील. म्हणूनच योगायोगाची जुळणी वजा करून खरी जुळणी काढणारा ‘कप्पा’ हा आकडा जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवला. व्यवहारात यातून शिकायचं ते एवढंच की लॅबची परीक्षा नुसत्या स्वच्छ नमुन्यांवर घेऊ नये. काही नमुने स्वच्छ, काही ठार दूषित आणि काही काठावरचे, कुणाला न सांगता मिसळून द्यावेत.

दुसरी जागा, थोड्या नमुन्यांवरचा मोठा दावा. ‘वीसपैकी वीस बरोबर आले, चाचणी शंभर टक्के खरी’ असं किटच्या जाहिरातीत दिसतं. संख्याशास्त्रात इथे एक सोपा आडाखा आहे. एकही चूक दिसली नाही तर ३ ला नमुन्यांच्या संख्येने भागा. चुकीचं प्रमाण जास्तीत जास्त तितकं असू शकतं, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ३ भागिले २०, म्हणजे १५ टक्के. वीसपैकी वीस बरोबर येऊनही शंभरात १५ चुकांची शक्यता उरते. ती १ टक्क्यावर आणायची तर ३०० नमुने एकही चूक न होता पार पडले पाहिजेत.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची. जुळणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्याला हे सांगायला नको. ट्रायल बॅलन्स पैशापर्यंत जुळतो, पण एखादं बिल दोन्ही बाजूंना लिहायचंच राहून गेलेलं असतं. बेरीज जुळली म्हणून हिशेब बरोबर ठरत नाही.

बाटलीचंही तसंच. काही बोअरवेलच्या पाण्यात आधीपासून सल्फाइड असतं. असं पाणी भरलं तर विष्ठेचा अंशही नसताना बाटली काळी होऊ शकते. पाचही लॅबमध्ये काळी होईल, जुळणी शंभर टक्के येईल आणि उत्तर मात्र चुकीचं असेल. उलट बाजूही आहे. लॅबमध्ये विष्ठेचं मुख्य लक्षण म्हणून ई-कोलाय शोधला जातो, पण हा जंतू सहसा हायड्रोजन सल्फाइड सोडत नाही. बाटली काळी करतात ते त्याच्या सोबतचे दुसरे जंतू. म्हणजे बाटली आणि लॅब दोन वेगळे प्रश्न विचारत असतात. जागतिक आरोग्य संघटनेसाठी २००२ मध्ये झालेल्या आढाव्यातही या मर्यादा नोंदवल्या गेल्या. त्यामुळे बाटलीचा अहवाल आणि लॅबचा अहवाल वेगळे आले तर तो पद्धतीच्या सातत्याचा दोष असेलच असं नाही. सातत्य मोजायचं तर पद्धत एकच हवी आणि नमुनाही सारखाच हवा.

नमुना उचलण्यातच निम्मा निकाल

लॅबपर्यंत जाण्याआधीच बरंच काही घडून जातं. विहिरीत सकाळी टीसीएल पावडर टाकली आणि तासाभराने नमुना घेतला तर ‘नाही’ येण्याची शक्यता वाढते. तीन दिवसांनी त्याच विहिरीत ‘हो’ येईल. नमुन्यात उरलेलं क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतं. म्हणून जंतूंच्या तपासणीसाठी लॅब जी निर्जंतुक बाटली देते तिच्यात क्लोरीन निष्प्रभ करणारं थायोसल्फेट असतं. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली धुऊन त्यात नमुना पाठवणं म्हणजे तपासणीचा खर्च वाया घालवणं. नमुना थंड पेटीत ठेवून २४ तासांच्या आत लॅबमध्ये पोहोचावा. शनिवारी घेतलेला नमुना सोमवारी पोहोचला तर त्याचं उत्तर विहिरीपेक्षा त्या प्रवासाबद्दल जास्त सांगतं.

मग गावाने काय करायचं?

भारतीय मानक आयएस १०५०० सांगतं की पिण्याच्या पाण्याच्या कुठल्याही १०० मिली नमुन्यात ई-कोलाय आढळता कामा नये. २० मिलीची एक बाटली म्हणजे त्या १०० मिलीचा पाचवा हिस्सा. पाच बाटल्या भरल्या तर हिशेब बराच सुधारतो. बाटलीमागे सरासरी एक जंतू असलेल्या त्याच पाण्यात एक बाटली ३७ टक्के वेळा फसते. दोन्ही बाटल्या फसण्याची शक्यता १४ टक्के, तिन्ही फसण्याची ५ टक्के आणि पाचही फसण्याची १ टक्क्याहून कमी. पाचांतली एक जरी काळी झाली तरी पाणी उकळून प्यायचं, क्लोरीन बघायचं आणि लॅबला नमुना पाठवायचा. ‘चार स्वच्छ आहेत ना’ म्हणून बहुमताने निकाल लावायचा नाही. हे काही पंचायतीचं मतदान नव्हे.

प्रत्येक वेळी उकळून गार केलेल्या पाण्याची एक बाटली सोबत ठेवावी. तीही काळी झाली तर बाटल्यांचा तो गठ्ठा किंवा भरण्याची पद्धत संशयास्पद समजावी. पण आधीपासून सल्फाइड असलेल्या पाण्याचा घोळ या बाटलीने सुटत नाही, त्याला लॅबच लागते. बाटलीवरची मुदत, भरल्याची वेळ आणि बघितल्याची वेळ वहीत लिहावी. पुढे वाद झाला तर तीच वही उपयोगी पडते.

लॅबला दोन प्रश्न विचारावेत. एनएबीएलची मान्यता याच चाचणीसाठी आहे का? कारण मान्यता चाचणीनिहाय असते, ती सरसकट इमारतीला मिळत नाही. आणि इतर लॅबबरोबरच्या तुलना चाचणीत शेवटचा भाग कधी घेतला? मान्यताप्राप्त लॅबना अशा तुलनेत उतरावं लागतं. विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच नदी पिणाऱ्या गावांना याहून एक पाऊल पुढे जाता येईल. एकाच दिवशी, एकाच घाटावरून नमुना घ्यायचा, नीट ढवळून पाच-पाच बाटल्या इकडच्या आणि तिकडच्या लॅबला पाठवायच्या. प्रत्येकीची घरातली जुळणी आणि दोघींची आपसातली जुळणी कागदावर मांडायची. बेरीज-भागाकार येणारा कुठलाही दहावीचा विद्यार्थी ती काढू शकेल. दोन्ही दर सारखे आले तर उरलेला फरक पाण्याचा आणि योगायोगाचा, तिथे भांडण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक लॅब स्वतःशी जुळते आणि शेजारच्या लॅबशी जुळत नाही असं दिसलं, तर ‘आमचं खरं, तुमचं खोटं’ म्हणत बसण्यापेक्षा दोन्हीकडची उबेची पेटी, बाटल्यांची मुदत आणि वेळेची नोंद तपासून बघावी. तोवर दोन्ही काठांवर पाणी उकळूनच प्यावं.